हजार ठिपक्यांच्या बाजूने

कर्करोगाच्या चाळणी तपासणीचा निष्कर्ष रुग्णाला कसा सांगावा, याविषयी वैद्यकीय वर्तुळात एक मत इतके खोलवर रुजलेले आहे की त्याचे समर्थन करण्याची गरजही कुणाला सहसा वाटत नाही. त्या मतानुसार सामान्य माणसाला आकडे झेपत नाहीत आणि शक्यतेची भाषा ऐकून तो अधिकच घाबरतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला धीर द्यावा, पुढची तपासणी कोणती ते सांगावे आणि बाकीचे स्वतःजवळ ठेवावे. चित्रे, आलेख, ठिपक्यांचे तक्ते ही फार तर दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याची सजावट होय. प्रस्तुत लेख या मताच्या विरोधात आहे. निष्कर्षानंतरच्या घालमेलीचा मोठा भाग धोक्याचे आकारमान न कळण्यातून निर्माण होतो, ते आकारमान शब्दांपेक्षा चित्रातून अधिक नेमकेपणाने पोहोचते, आणि म्हणून असे चित्र रुग्णाच्या हाती देणे हा उपचारकर्त्याच्या सौजन्याचा विषय न राहता त्याच्या कर्तव्याचा भाग झाला पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

चाळणी तपासणी म्हणजे कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांची केलेली तपासणी, आणि तिच्यातून निघतो तो केवळ संशय, निदान नव्हे. निदानासाठी पुढे बायोप्सी, म्हणजे शरीरातील पेशींचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, यांसारख्या तपासण्या कराव्या लागतात. हा भेद डॉक्टरांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की रुग्णाला तो ठाऊक नसेल हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्तनांच्या तपासणीसंबंधी दिलेल्या माहितीनुसार मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४ जणींना अधिक तपासणीसाठी परत बोलावले जाते आणि त्या ४ जणींपैकी एकीला कर्करोग असल्याचे आढळते. परत बोलावल्याचे पत्र हाती पडलेल्या स्त्रीला मात्र आपण त्या चौघींपैकी एक आहोत आणि चौघींपैकी तिघी निर्धास्त होऊन घरी जाणार आहेत, हे दिसत नाही. तिला दिसते ते एकच नाव, आणि ते तिचे स्वतःचे असते. अशा वेळी ‘काळजी करू नका, बहुधा काही नसेल’ या वाक्याने धीर मिळतो असे मानणाऱ्यांनी त्या ‘बहुधा’चा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात काय होतो हे तपासून पाहावे. एकीला त्यातून दहात नऊ वेळा काही नसते असे वाटेल, दुसरीला निम्मी शक्यता वाटेल, आणि तिसरीला डॉक्टर आपल्यापासून काहीतरी लपवत आहेत एवढेच वाटेल. बोलणाऱ्याने माप दिले नाही की ऐकणारा स्वतःच्या भीतीचे माप वापरतो.

डॉक्टरांच्या शब्दावर सोपवून द्यावे, या मतामागे एक गृहीतक दडलेले आहे: ते माप डॉक्टरांना तरी ठाऊक असते. हे गृहीतक वस्तुस्थितीशी जुळत नाही. बर्लिनच्या मॅक्स प्लांक मानवविकास संस्थेतील मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७च्या एका विस्तृत निबंधात १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलेल्या प्रश्नाचा वृत्तान्त दिला आहे. प्रश्न असा होता: समजा, तपासणी होणाऱ्या स्त्रियांपैकी १ टक्का स्त्रियांना स्तनाचा कर्करोग आहे. ज्यांना तो आहे त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा मॅमोग्राम संशयास्पद येतो. ज्यांना तो नाही त्यांच्यापैकीही ९ टक्क्यांचा तसाच येतो. मग मॅमोग्राम संशयास्पद आलेल्या स्त्रीला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? समोर चार पर्याय दिलेले असूनही केवळ २१ टक्के तज्ज्ञांना योग्य उत्तर देता आले, आणि बहुसंख्यांनी ही शक्यता ८१ किंवा ९० टक्के असल्याचे सांगितले. योग्य उत्तर सुमारे १० टक्के आहे. नव्वद आणि दहा यांच्यातील हे अंतर म्हणजे घरी जाऊन मृत्युपत्राचा विचार करणारी स्त्री आणि पुढच्या तपासणीची तारीख शांतपणे नोंदवून घेणारी स्त्री यांच्यातील अंतर आहे, आणि ते ज्यांच्या धीराच्या शब्दांवर अवलंबून राहावे असे सांगितले जाते, त्यांच्यापैकीच बहुतेकांनी ते चुकवले.

पुढे या तज्ज्ञांना तीच माहिती वेगळ्या मांडणीत वापरायला शिकवण्यात आले. १००० स्त्रिया डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यापैकी १० जणींना कर्करोग आहे, आणि या १० पैकी ९ जणींचा मॅमोग्राम संशयास्पद येईल. उरलेल्या ९९० जणींना कर्करोग नाही, तरी त्यांच्यापैकी सुमारे ८९ जणींचा मॅमोग्राम संशयास्पद येईल. म्हणजे संशयाच्या यादीत ९८ जणी आणि त्यांत खऱ्या आजारी ९. टक्केवारीऐवजी अशा मोजता येण्याजोग्या माणसांच्या संख्येत केलेल्या मांडणीला ‘नैसर्गिक वारंवारता’ म्हणतात, आणि गिगेरेंझर व उलरिश हॉफ्राग यांनी १९९५ पासून तिचा पुरस्कार केला आहे. प्रशिक्षणानंतर ८७ टक्के तज्ज्ञांचे उत्तर बरोबर आले. तज्ज्ञ तेच होते, त्यांची बुद्धीही तीच होती. फरक पडला तो मांडणीमुळे. तेव्हा सामान्य माणसाला आकडे झेपत नाहीत या विधानातील दोष सामान्य माणसाचा नसून आकडे त्याच्यापुढे ज्या वेषात उभे केले जातात त्या वेषाचा आहे, असे म्हणणेच युक्त ठरते.

या मांडणीचे चित्र करणे ही त्यापुढची स्वाभाविक पायरी आहे. हजार छोट्या ठिपक्यांचा किंवा मानवाकृतींचा एक चौकोन, त्यात ९८ रंगवलेल्या, आणि त्या ९८ मध्ये ९ गडद: अशा आकृतीला येथे चिन्हपट म्हणू. व्हिएन्नात १९२० च्या दशकात ऑटो नॉयराथ यांनी कामगारवर्गाला समाजाची आणि अर्थव्यवहाराची आकडेवारी कळावी म्हणून मोठ्या संख्येसाठी मोठे चित्र न काढता तेच छोटे चिन्ह अनेकदा काढण्याची पद्धत रूढ केली, तिचाच हा वैद्यकीय वारस. चिन्हपटाचे खरे बळ त्यातील रंगवलेल्या ठिपक्यांइतकेच न रंगवलेल्या ठिपक्यांत असते. शब्दांत किंवा आकड्यांत धोका सांगितला की मन अंशाला धरून बसते आणि छेद विसरते, म्हणजे ‘नऊ जणी’ ऐकू येते आणि ‘हजारांपैकी’ गळून पडते. चित्रात मात्र उरलेल्या जणी जागेवरच असतात, त्यांना वगळून पाहता येत नाही. जोखमीच्या आकलनावर काम करणाऱ्या रोसियो गार्सिया-रेतामेरो आणि एडवर्ड कोकली यांच्या संशोधनात असे दिसले आहे की आकडेमोडीत कच्च्या पण साधी आकृती वाचू शकणाऱ्या व्यक्तींना अशा चित्रांचा विशेष फायदा होतो. ज्यांच्यासाठी चित्र व्यर्थ आहे असे समजले जाते, त्यांच्यातल्याच अनेकांना त्याची अधिक गरज आहे.

खोट्या संशयाने झालेली घालमेल चार दिवसांची असते, निकाल चांगला आला की माणूस ती विसरतो, असाही एक युक्तिवाद वारंवार केला जातो. डेन्मार्कमधील जॉन ब्रोडर्सन आणि फोल्कर्ट सिएर्स्मा यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला मोठा तडा दिला आहे. मॅमोग्राममध्ये संशय निघालेल्या ४५४ स्त्रियांचा आणि तुलनेसाठी निर्दोष निष्कर्ष आलेल्या स्त्रियांचा त्यांनी तीन वर्षे मागोवा घेतला. ज्यांचा संशय खोटा ठरला होता अशा स्त्रियांच्या मनःशांतीत आणि जीवनाकडे पाहण्याच्या दृष्टीत अंतिम निदानानंतर सहा महिन्यांनी दिसलेले बदल खरोखर कर्करोग झालेल्या स्त्रियांइतकेच होते, आणि तीन वर्षांनीही त्या निर्दोष निष्कर्ष आलेल्या स्त्रियांच्या पातळीला आलेल्या नव्हत्या. वैद्यकाच्या नोंदवहीत ज्यांच्यापुढे ‘काही आढळले नाही’ असे लिहून पान उलटले गेले, त्यांच्या मनावरचा ओरखडा इतका काळ टिकतो, हे गंभीरपणे घेतले पाहिजे. येथे प्रामाणिकपणे एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे: चित्रांमुळे आकलन सुधारते याचा पुरावा जितका भक्कम आहे, तितका घालमेल ओसरते याचा नाही. पण विरोधकांचा दावा याहून पुढचा, म्हणजे आकडे दाखवल्याने घालमेल वाढते असा आहे, आणि निर्णयासाठी मदत करणाऱ्या साधनांच्या १०५ चाचण्यांचा जो आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये घेतला, त्यात ज्ञान आणि धोक्याची अचूक जाणीव वाढल्याचे दिसले, अशी हानी मात्र दिसली नाही.

या वादाचे महाराष्ट्राशी थेट नाते आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीस सुरू झालेली आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने चाललेली चाचणी जगभर उद्धृत केली जाते. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात होत्या, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीचा, म्हणजे हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूचा शोध घेणाऱ्या चाचणीचा, परिणाम आठ वर्षे तपासण्यात आला. विषाणू चाचणीच्या गटात साधारण दहा स्त्रियांपैकी एकीचा निष्कर्ष होकारार्थी आला. या एका आकड्याचा अर्थ माणसाच्या पातळीवर काय होतो? एका गावात हजार स्त्रियांची चाचणी झाली तर सुमारे शंभर जणींना विषाणू आढळल्याचे सांगितले जाणार, पुढच्या तपासणीत त्यांच्यापैकी दहाच्या आसपास जणींमध्ये उपचार करण्याजोगे गंभीर कर्करोगपूर्व बदल सापडणार, आणि उरलेल्या नव्वदएक जणींच्या बाबतीत बहुतांश संसर्ग शरीर स्वतःच वर्षा-दोन वर्षांत निपटून टाकणार. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. त्यामुळे आकारमान न सांगता दिलेला निष्कर्ष केवळ मृत्यूची भीती घेऊन घरात शिरत नाही. त्याच्यासोबत लाज येते, नवऱ्याविषयीचा किंवा नवऱ्याच्या मनातला संशय येतो, सासरच्या माणसांपुढे काय सांगायचे हा पेच येतो. हजारांपैकी शंभर जणींचा रंगवलेला पट्टा तिच्यासमोर ठेवला, तर आपण एकटीच काही लांच्छन घेऊन आलेलो नाही आणि या शंभरातल्याही बहुतेकींचे पुढे काही बिघडणार नाही, या दोन्ही गोष्टी ती एका दृष्टिक्षेपात पाहू शकते. ‘हे खूप जणींना असते’ असे नुसते सांगण्याने ते साधत नाही, कारण असे वाक्य समजूत काढण्यासाठीच वापरले जाते हे प्रत्येक स्त्रीला अनुभवाने ठाऊक असते.

ग्रामीण, अल्पशिक्षित स्त्रीला चित्र वाचता येणार नाही, हा आक्षेप यावर हमखास येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. युनिसेफच्या वतीने नेपाळमध्ये झालेल्या आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शहरी माणसाने स्वयंस्पष्ट मानलेली अनेक चित्रे खेड्यातील लोकांना मुळीच कळली नव्हती. चित्र ही देखील एक लिपी आहे, तिचे संकेत शिकावे लागतात, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चित्र देऊ नये असा नसून, चित्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासोबत आधी पारखून घ्यावे असा आहे. बाण, वक्ररेषा, टक्क्यांचे अक्ष, पाय कापलेले स्तंभालेख हे संकेत खरोखरच अवघड आहेत. ठिपक्यांच्या ओळी तशा नाहीत. ज्या प्रदेशात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नसले तरी ओळी आणि रकाने मोजूनच ती ठिपके ठेवत आली आहे, तेथे मोजलेल्या ठिपक्यांचा चौकोन परका ठरवण्याची घाई करणे योग्य नाही. त्यातही चित्र कुणी मुके सोडावे असे म्हणत नाही. आशा सेविकेने बोट ठेवून ‘या एवढ्या बायकांना पुन्हा बोलावतात, त्यातल्या या एवढ्यांवर उपचार होतात’ असे सांगायचे आहे, आणि ऐकणारीकडून ते तिच्या शब्दांत परत सांगवून घ्यायचे आहे.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. कर्करोग आणि चित्र यांची सांगड भारतात आजवर भीतीशी घातली गेली. तंबाखूच्या पाकिटांच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून छापल्या जाणाऱ्या चित्रांत सडलेले जबडे आणि पोखरलेले गळे असतात, आणि तंबाखूपासून परावृत्त करणे हा उद्देश असल्याने तेथे ती योग्यही आहेत. तपासणीचा निष्कर्ष सांगणाऱ्या चित्राचे काम याच्या अगदी उलट आहे, आणि तरीही जनजागृतीच्या फलकांवर हीच दोन कामे एकमेकांत मिसळलेली दिसतात: तपासणीला या म्हणून सांगणाऱ्या कागदावर वाढलेल्या गाठीचे छायाचित्र, आणि तोच कागद निष्कर्षाची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या हातात. त्याचप्रमाणे निव्वळ दिलासा देण्यासाठी काढलेले चित्र, म्हणजे हसरे चेहरे, उगवता सूर्य, उमललेली फुले, हेही त्याज्यच मानले पाहिजे. परत बोलावलेल्या चौघींपैकी जिला कर्करोग आहे ती चौथी स्त्री ज्या चित्रात दाखवलेलीच नाही, ते उरलेल्या तिघींनाही फसवते. आणि पुढे त्या चौथ्या स्त्रीचे निदान झाले की तिचा तपासणीवरचाच विश्वास उडतो. घालमेल कमी होणे हा खऱ्या चित्राचा परिणाम असावा, हेतू असू नये. ज्यांच्या निष्कर्षाचा धोका खरोखर मोठा आहे त्यांना चिन्हपट पाहून चिंता वाटणारच, आणि ती वाटणे रास्त आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने घडवलेल्या आणि भारतातही वापरल्या जाणाऱ्या बाय-रॅड्स या वर्गवारीत तिसऱ्या वर्गाचा अर्थ कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही असा होतो, तर चौथ्या वर्गात ती २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ‘४’ हा आकडा रिपोर्टवर पाहून कर्करोगाची चौथी अवस्था झाली असे समजणाऱ्या माणसाचा गैरसमज दूर करणे जितके आवश्यक, तितकेच या वर्गाच्या वरच्या टोकाला असलेल्या स्त्रीला तिच्या शंभर ठिपक्यांपैकी किती गडद आहेत हे दाखवणेही आवश्यक आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप उपस्थितीचा आहे: सगळे खरे दाखवले तर लोक तपासणीला येणार नाहीत. त्याला आधारही आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्या स्त्रियांना अतिनिदानाची, म्हणजे आयुष्यात कधीच त्रास देणार नव्हता अशा कर्करोगाचे निदान व उपचार होण्याची, माहिती चित्रांसह दिली गेली, त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांनी तपासणी करून घेण्याचा मानस सांगितला. ती माहिती न दिलेल्या गटात हे प्रमाण ८७ टक्के होते. मात्र जाणतेपणी निवड करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के होते. हा विषय किती खरा आहे हे मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने २०१२ मध्येच मांडले होते: पन्नाशीतल्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे तपासणीला बोलावले तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींचे अतिनिदान होते. हे दोन्ही आकडे शेजारी पाहून एखादी स्त्री तपासणी नको म्हणाली तर ती भित्री किंवा अडाणी ठरत नाही. तिने तिच्या शरीराविषयीचा हिशेब स्वतः केलेला असतो. अंधारात ठेवून मिळवलेल्या उपस्थितीला यश म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या आईसाठी किंवा बहिणीसाठी तशी उपस्थिती चालेल काय, याचे उत्तर आधी द्यावे.

शिवाय खरे चित्र तपासणीच्या विरोधातच बोलते असे मानण्याचे कारण नाही. धाराशिवच्या चाचणीत तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या, तर एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ पैकी ३४. दहा-दहा हजार ठिपक्यांचे दोन कागद शेजारी ठेवले, तर एकावर सुमारे वीस गडद ठिपके आणि दुसऱ्यावर दहा दिसतील. ‘मृत्यू निम्म्याने घटले’ या घोषणेत जे दिसत नाही ते या दोन कागदांत दिसते: मृत्यूचा धोका मुळात किती होता, किती उरला, आणि एका तपासणीने किती जणी वाचल्या. मुंबईच्या वस्त्यांत व्हिनेगरसारख्या सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करून पाहिलेल्या टाटा रुग्णालयाच्या चाचणीतील घटही सहसा ‘३१ टक्के’ अशीच सांगितली जाते. तुलनेच्या गटात दरवर्षी लाख स्त्रियांमागे १६ मृत्यू झाले, तर तपासणीच्या गटात ११, हे सांगितल्याने तिचे मोल कमी होत नाही आणि ऐकणाऱ्याला ती तोलता येते.

वेळेचा आक्षेप फार काळ अडवून ठेवण्याजोगा नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना एका रुग्णामागे मोजकीच मिनिटे मिळतात हे खरे आहे, पण छापील चिन्हपट समजावून सांगण्यासाठी डॉक्टरच हवे असे नाही, आणि तो रुग्णासोबत घरी जातो, जेथे नवरा, सासू, मुलगी यांच्यासमोर तो पुन्हा पाहता येतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली होती. उरलेल्या स्त्रियांपर्यंत ही तपासणी पोहोचायची आहे, त्यांच्या निष्कर्षाचे बहुतांश कागद अजून छापलेले नाहीत, आणि प्रत्येक होकारार्थी निष्कर्षाच्या पाठीमागे हजार ठिपक्यांचा चौकोन छापण्याचा निर्णय घेण्याची वेळ हीच आहे.